संध्याकाळचे भांडवल
(नोकरी सांभाळून घेतलेल्या वित्तशिक्षणाचा इतिहास)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी त्रैराशिक शिकलो, त्या शाळेने गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, याला मी गौरव कमी आणि परीक्षा अधिक समजतो. गुरुजी गणित शिकवीत. पण भेस्तानातील माझ्या वयाच्या अनेकांना ते आठवतात ते शाळा सुटल्यानंतरचे. उधना आणि पांडेसऱ्याच्या कारखान्यांतून दिवसपाळी करून आलेली मुले व्हरांड्यात बसत आणि गुरुजी त्यांना जमाखर्च शिकवीत. रोजकीर्द म्हणजे काय, खतावणी कशी मांडायची, व्याज कसे चढते, एवढाच तो अभ्यासक्रम. त्याला ना प्रमाणपत्र होते, ना फी. "ज्याला आपल्या पगाराचा हिशेब येत नाही, त्याची मजुरी दुसराच मोजतो," असे ते म्हणत. माझे वडील अमळनेरकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने मागावर कामाला आले. त्या मागाच्या आवाजात वाढलेला मी पुढे बँकेत अधिकारी झालो, त्याचे मूळ या व्हरांड्यात आहे. म्हणून आजचा विषय मी तेथूनच उचलला आहे.

विषय सुचला तो एका प्रसंगामुळे. याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती पांडेसऱ्यातील एका प्रोसेसिंग मिलच्या हिशेब खात्यात सहा वर्षे काम करीत आहे. तिच्या हातात तीन माहितीपत्रके होती. एक विद्यापीठाच्या सायंकालीन एम.बी.ए.चे, एक दूरच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे आणि एक शनिवार-रविवार वर्ग भरवणाऱ्या खासगी संस्थेचे. तिसऱ्याचा कागद सर्वांत गुळगुळीत आणि फी सर्वांत जड. "सर, मला हिशेबनीस म्हणूनच निवृत्त व्हायचं नाही. वित्त व्यवस्थापनात जायचं आहे. यांतलं कोणतं घेऊ?" असे तिने विचारले. मी स्वतः एम.बी.ए. नाही. तिला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. नंतर मात्र मी विचार करू लागलो की, दिवस विकून पोट भरणाऱ्या माणसाने संध्याकाळी पैशाची विद्या शिकण्याचा हा प्रश्न काही नवा नाही. तिच्याआधी पुष्कळ जणांनी तो सोडवला आहे, काहींनी चुकीचा सोडवला आहे. त्या इतिहासात तिचे उत्तर असावे, या भरवशावर आज मी आपल्यापुढे उभा आहे.

१. पेढीवरची विद्या

आपण ज्या शहराच्या दक्षिण टोकाला राहतो, ते शहर सतराव्या शतकात हिंदुस्थानातील पतपेढ्यांचे एक मोठे केंद्र होते. इंग्रजांची वखार येथे स्थिरावली तेव्हा विरजी वोरा यांच्यासारखे सावकार त्या कंपनीलाच कर्ज देत. येथून निघालेल्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटत. १६६४ आणि १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली, याचे कारणही येथील पेढ्यांत साठलेली संपत्ती हेच होते.

या पेढ्यांची विद्या कोणत्या शाळेत मिळत होती? कोणत्याच नाही. ती पेढीवरच मिळत असे. मुलगा आधी गादी झाडायचा, मग वही उतरवायचा, मग रोजकीर्द लिहायचा आणि बऱ्याच वर्षांनी हुंडीवर मत द्यायचा. आमच्या बाजूला पेशवाईच्या दफ्तरांतही हीच रीत होती. तेरीज, ताळेबंद, खतावणी हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. काम आणि शिक्षण वेगळे नव्हते, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण दोषही तितकाच मोठा. पेढी आपल्या घरच्याला किंवा आपल्या जातीच्या मुलालाच आत घेत असे. मागावरच्या खानदेशी मुलाला त्या गादीवर बसण्याची वाट नव्हती. विद्या उत्तम होती, परंतु दार बंद होते. पुढचा सगळा इतिहास हे दार उघडण्याचा आहे.

२. रात्रीची शाळा

ते दार पहिल्यांदा उघडले ते पुण्यात. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर कष्ट करणाऱ्याला रात्री शिकवावे, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी शिक्षण हे फुरसत असलेल्यांचे मानले जात होते. फुरसत नसलेल्या माणसालाही शिकण्याचा हक्क आहे, हे त्या शाळेने कृतीने सांगितले.

मुंबईत गिरण्या वाढल्या तशी ही कल्पना गिरणगावात गेली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली. येथे वित्तशास्त्र शिकवले जात नव्हते, अक्षरे आणि आकडे शिकवले जात. पण संध्याकाळ ही केवळ थकवा काढण्याची वेळ नसून काही मिळवण्याचीही वेळ आहे, हा संस्कार कामगारवस्तीत रुजला तो अशा प्रयत्नांतून. आमच्या गुरुजींचा व्हरांडा हा त्याच वंशातला.

३. वाणिज्याला प्रतिष्ठा

पैशाची विद्या महाविद्यालयात शिकवण्याजोगी आहे, हे मान्य व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले. आशिया खंडातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. परीक्षेच्या जोडीला मान्यताप्राप्त हिशेबतज्ज्ञाकडे तीन वर्षे उमेदवारी करावी लागे. जुन्या पेढीवरची उमेदवारी आणि नव्या काळाची जाहीर परीक्षा यांची ती सांगड होती. उमेदवारी कोणाच्याही हाताखाली झालेली असो, परीक्षा सर्वांना एक. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था उभी राहिली, तिने हीच सांगड पुढे चालवली.

याच काळात एक तरुण प्राध्यापक सिडनहॅममध्ये राजकीय अर्थशास्त्र शिकवीत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथे होते. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले होते आणि पुन्हा जाण्यासाठी ते पगारातून पैसा साठवत होते. १९२० मध्ये ते लंडनला परत गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एवढी विद्वत्ता मिळवून परतल्यावरही प्रपंचासाठी त्यांनी १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. चलनाच्या प्रश्नावर देशाला दिशा देऊ शकणारा पंडित हिशेबाच्या विद्यार्थ्यांना कायदा शिकवतो आहे, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. अर्धवेळ शिक्षण म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण, असे जो म्हणतो त्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

स्वतःच्या अनुभवातूनच त्यांनी पुढचे पाऊल टाकले असावे. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी ठेवण्यात आले. विद्यार्थ्याने सकाळी शिकावे आणि नंतर कचेरीत नोकरी करावी, अशी ती योजना. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील 'कमवा आणि शिका' या सूत्रावर रयत शिक्षण संस्थेत तेच करीत होते. वेळापत्रक बदलणे ही बाब क्षुल्लक दिसते, पण शिक्षण कोणासाठी आहे हे इमारतीपेक्षा वेळापत्रकावरूनच अधिक कळते.

४. बँकेतील परीक्षा, आणि माझी चूक

वित्ताच्या नोकरीत राहून शिकण्याची देशव्यापी व्यवस्था बँकांनी निर्माण केली. १९२८ मध्ये भारतीय बँकर्स संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षा बँकेतील कारकुनाला नोकरी न सोडता देता येत. वर्ग सक्तीचे नव्हते. पुस्तके घरी आणायची, रात्री वाचायची, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनकरारांत या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला जादा वेतनवाढी मिळू लागल्या. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा गावोगाव गेल्या, हजारो तरुण बँकेत आले आणि 'सी.ए.आय.आय.बी. झालास का?' हा बँकेच्या जेवणाच्या डब्यांभोवतीचा नित्याचा प्रश्न बनला.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इतिहास सांगणाऱ्याने स्वतःची फसगत लपवू नये. बँकेत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मला ही परीक्षा फार सामान्य वाटू लागली. वर्तमानपत्रात एका संस्थेची जाहिरात आली होती. टपालाने दोन वर्षांत 'वित्त व्यवस्थापनातील उच्च पदविका', नावापुढे लावायला इंग्रजी अक्षरांची रांग. मी वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायला लावले. दोन वर्षे धडे आले, मी ते इमानाने सोडवले, पदविकाही आली. ती घेऊन मी साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी कागद उलटसुलट पाहून विचारले, "हिला मान्यता कोणाची?" मला उत्तर माहीत नव्हते, कारण हा प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता. त्या पदविकेची एकही वेतनवाढ मिळाली नाही. पैसा गेला याचे दुःख काही काळाने विरले. गेलेल्या दोन वर्षांच्या संध्याकाळी मात्र परत मिळाल्या नाहीत. गुरुजींना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "व्याज काढायला शिकवलं, मुद्दल सांभाळायला शिकवायचं राहिलं." नंतर मी साध्या बँक परीक्षेला बसलो, उत्तीर्ण झालो, आणि माझी पुढची सगळी वाटचाल तिच्या आधारावर झाली.

५. व्यवस्थापनाचे युग

आता ज्या पदवीविषयी त्या विद्यार्थिनीने विचारले, तिच्याकडे येऊ. एम.बी.ए. ही मूळ अमेरिकेतील पदवी. हार्वर्डमध्ये १९०८ साली व्यवसाय व्यवस्थापनाची शाळा सुरू झाली, तेथे ती दोन वर्षे पूर्ण वेळ शिकवली जात होती. १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठाने नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी तिचा वेगळा वर्ग काढला. अनुभवी माणूस नोकरीसह शिकू शकतो, नव्हे, त्याचा अनुभव वर्गात उपयोगी पडतो, हे या प्रयोगाने दाखवले.

आपल्या देशात १९५३ मध्ये कोलकात्यात समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था निघाली. ती देशातील पहिली व्यवस्थापन संस्था मानली जाते. १९६१ मध्ये कोलकाता आणि आपल्या अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या. त्यांची कीर्ती आपण जाणतो. परंतु तेथील मुख्य अभ्यासक्रम पूर्ण वेळेचा, वसतिगृहात राहून करायचा होता. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला दोन वर्षे नोकरी सोडून अहमदाबादेत राहणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी महत्त्वाचे ठरले ते १९६५ साल. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्थापन केली. या संस्थेत आणि विद्यापीठाच्या इतर संस्थांत पुढे अनेक वर्षे वित्त व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा सायंकालीन अभ्यासक्रम चालला. फोर्टातील बँका व विमा कंपन्या सुटल्या की त्यांतले तरुण चर्चगेटकडे वळत आणि रात्री उशिराच्या लोकलने कल्याण-विरारला परतत. पुण्यातही विद्यापीठाच्या व्यवसाय व्यवस्थापन पदविकेचे संध्याकाळचे वर्ग नोकरदारांनी भरून जात.

याच १९६५ साली सुरतेत दक्षिण गुजरात विद्यापीठ स्थापन झाले. २००४ मध्ये त्याला वीर नर्मदांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाच्या व्यवसाय व औद्योगिक व्यवस्थापन विभागाने नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकालीन एम.बी.ए. चालवले आहे. विद्यापीठ उधना-मगदल्ला रस्त्यावर आहे. ज्या उधन्याच्या मागांवर आमच्या वडिलांची पिढी उभी राहिली, त्याच्या इतक्या जवळ ही पदवी आली, ही घटना मला लहान वाटत नाही. पेढीचे बंद दार आणि हा संध्याकाळचा वर्ग यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर आहे.

तिसरी वाट मुक्त शिक्षणाची. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९४ मध्ये अहमदाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ सुरू झाले. मान्यताप्राप्त संस्थांनी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. टपालाच्या धड्यांनी माझी फसगत झाली म्हणून दुरून शिकणेच खोटे, असा निष्कर्ष मी काढणार नाही. खोटी होती ती संस्था, पद्धत नव्हे.

६. इतिहास काय सांगतो?

एवढा प्रवास केल्यावर मला तीन कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी परीक्षकाची. १९१८ ची पदविका, बँकेची परीक्षा, विद्यापीठाची पदवी, या टिकल्या कारण शिकवणारा कोणीही असला तरी परीक्षा घेणाऱ्यामागे कायद्याचे किंवा व्यवसायाचे बळ होते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थासुद्धा आधी पदविका देत असत. २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवीचा अधिकार मिळाला. म्हणून खासगी संस्थेच्या माहितीपत्रकात एम.बी.ए. हा शब्द दिसला की विचारावे, पदवी कोणत्या विद्यापीठाची? पदविका असेल तर तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का? ऑनलाइन असेल तर आयोगाच्या यादीत त्या संस्थेचा तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आहे का? हे तीन प्रश्न मी वेळेवर विचारले असते, तर माझ्या दोन वर्षांच्या संध्याकाळी वाचल्या असत्या.

दुसरी कसोटी दिवसाची. संध्याकाळी शिकलेले दुसऱ्या दिवशी कामावर वापरता येते का? पेढीची विद्या याच कारणाने पक्की होती. पूर्ण वेळ शिकणाऱ्यापेक्षा अर्धवेळ शिकणाऱ्याकडे एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे समोर उघडी असलेली खरी वही. आपल्या मिलचेच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सुरतच्या कापडबाजाराने बंद पाळला, कारण वर्षानुवर्षांची उधारीची आणि नोंदीची रीतच बदलणार होती. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद लागू झाली की, सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते केले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळेल. लांब मुदतीच्या उधारीवर चालणाऱ्या या बाजारात त्यावरून केवढी धावपळ झाली, ती त्या विद्यार्थिनीने टेबलावर बसून पाहिली आहे. खेळत्या भांडवलाचे प्रकरण पुस्तकात वाचताना तिच्या डोळ्यांसमोर थकलेल्या बिलांची यादी असेल. म्हणून वर्गात कोण शिकवतो याबरोबरच शेजारी कोण बसतो हेही पाहावे. बँकेत कर्ज मंजूर करणारा, मिलमध्ये खरेदी पाहणारी, हिऱ्याच्या कारखान्यात परकीय चलन सांभाळणारा, असे सहाध्यायी असतील तर निम्मे शिक्षण त्यांच्याकडूनच होते. या कसोटीवर जवळचा सायंकालीन वर्ग दूरच्या पडद्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरी कसोटी संध्याकाळची, आणि तिच्याविषयी माहितीपत्रके मौन पाळतात. तिच्यासमोर बसून आम्ही हिशेब मांडला. वर्षाला ४० आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास असे धरले तर वर्षाचे ६०० तास आणि तीन वर्षांचे १८०० तास होतात. २०१४ पासून उधना दरवाजा ते सचिन अशी बीआरटीएस आपल्या दारावरून जाते, तरीही जाण्यायेण्यात रोज सव्वा तास मोडतो असे धरू. ६०० संध्याकाळींचे ते ७५० तास. एकूण २५५० तास. फीचा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, हा आकडा कोठेही छापलेला नसतो. नोकरदार माणसाचे खरे भांडवल फी नव्हे, या संध्याकाळी आहेत. फीसाठी कर्ज मिळते. संध्याकाळ कोणतीही बँक उसनी देत नाही, हे मी बँकेत आयुष्य घालवून सांगतो.

या हिशेबापाशी ती थांबली. म्हणाली, "सर, दादा रात्री क्लासला जायचा तेव्हा आई त्याचं ताट झाकून ठेवायची. मी गेले तर झाकून ठेवणारं कोणी नाही, कारण ते ताट मलाच वाढायचं असतं."

मित्रहो, मी गेला अर्धा तास जो इतिहास सांगितला त्यातील मोठे छिद्र या एका वाक्याने दाखवले. १८५५ च्या रात्रशाळेत स्त्रियांना जागा होती. पुढे बँकेच्या परीक्षा आल्या, चर्चगेटचे वर्ग आले, त्या सगळ्या संध्याकाळी बहुतांशी पुरुषांच्या होत्या. आम्ही रात्री वाचत बसलो तेव्हा आमच्या संध्याकाळचे मोल दुसऱ्या कोणीतरी भरले. माझ्या बाबतीत आधी आईने, मग पत्नीने. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांची नावे नाहीत. तेव्हा कोणता अभ्यासक्रम निवडावा हा प्रश्न त्या मुलीने एकटीने सोडवायचा नाही. तिच्या घराने तिच्याबरोबर बसून तो सोडवायचा आहे.

७. समारोप

मी तिला शेवटी दिलेला सल्ला असा. तिसरे माहितीपत्रक बाजूला ठेव, कारण पदवी कोणाची या प्रश्नाला त्या संस्थेने फोनवर तीन वेळा तीन उत्तरे दिली. पहिल्या दोघांत निवड करताना घरातल्या सर्वांना बसवून संध्याकाळींचा हिशेब कागदावर मांड. आठवड्यातील निदान चार संध्याकाळी घर तुला मोकळ्या करून देत असेल, तर विद्यापीठाच्या वर्गात जा, एखादा दिवस बुडेल तो सहाध्यायांच्या वह्यांवरून भरून काढ. देत नसेल तर मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी घे, पण गावातले चार सहाध्यायी शोधून रविवारी एकत्र बस. एकट्याने पडद्यासमोर केलेला अभ्यास फार लवकर थकतो. आणि पदवी मिळाली की पद आपोआप मिळेल अशी आशा धरू नकोस. पदवी दार उघडते, आत जाऊन काम करावे लागते.

ती काय करणार हे तिने महिनाभर सांगितले नाही. नंतर एका संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. ते माझ्याच पिढीचे, मागावर काम केलेले. म्हणाले, "आम्ही वेळापत्रक केलं आहे. सोमवार ते गुरुवार स्वयंपाक मी आणि तिचा भाऊ करणार. भाकरी जमत नाही, पण भात-वरण जमतं." तिचा प्रवेश विद्यापीठाच्या सायंकालीन वर्गात झाला. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, इतिहासाच्या अभ्यासकाने भविष्य सांगू नये. पण भेस्तानातील एका घरात, नोकरी करणाऱ्या मुलीसाठी चार संध्याकाळी बाजूला काढल्या गेल्या, ही नोंद मला या व्याख्यानाच्या शेवटी करावीशी वाटते. गुरुजींच्या रोजकीर्दीत ती जमेच्या बाजूला पडली असती.